मंगळाची मिठी

विनयच्या हाताला खाज होती, आणि तिच्यावर औषध नव्हतं. स्प्रिंगफील्ड लेक्सच्या गणपतीत एकवीस मोदकांपैकी एकात मिरचीचा ठेचा भरणारा हाच. शेजारच्या म्हाताऱ्याच्या लॉनवरचा प्लास्टिकचा फ्लेमिंगो रोज एक फूट त्याच्याच दाराकडे सरकवणाराही हाच. म्हाताऱ्याने अकराव्या दिवशी भुताटकी समजून पाद्री बोलावला, तेव्हा चित्रलेखाने, म्हणजे याच्या बायकोने, तीन दिवस अबोला धरला. "एकोणपन्नास वर्षांचा घोडा आहेस," ती म्हणाली, "कधीतरी दोन मिनिटं हात बांधून बस."

असा हा विनय. धंदा एसी आणि हीटर दुरुस्तीचा. जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका मंगळवारी सकाळी साडेसहाला तो इप्सविचच्या पुढच्या एका लहानशा प्राण्यांच्या पार्कमध्ये हजर झाला. बाहेर दोन डिग्री. गवतावर दंव असं पसरलेलं, की जणू कोणी पीठ चाळून ठेवलंय. काम म्हणाल तर फुसकं: स्लॉथ नावाच्या, झाडाला उलटं लटकणाऱ्या संथ प्राण्याच्या खोलीतल्या हीटरचा पंखा घरघरत होता, त्याची मोटर बदलायची.

दारात तेजश्री उभी होती. मूळची नाशिकची, इथे गॅटनला युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकली, कायम राहायचा परवाना म्हणजे पीआर मिळवला आणि आता या पार्कात कीपर, प्राण्यांची देखभाल करणारी.

"विनयदादा, फोन त्या ट्रेमध्ये. बूट औषधाच्या पाण्यात बुडव. आणि हे बघ, तिला हात लावायचा नाही."

"कोणाला? तुझ्या सासूला?"

"वर बघ."

छताजवळच्या आडव्या फांदीवर पायपुसण्याची गुंडाळी लटकत होती. मग त्या गुंडाळीतून एक डुकरासारखं नाक बाहेर आलं. तोंडावर कायमचं हसू, जसं काही हिनेच मोदकात ठेचा भरला होता.

"मंगळा," तेजश्री म्हणाली. "इथले सगळे ट्यूसडे म्हणतात. आठवड्यातून एकदाच झाडावरून खाली उतरते, संडासला. बहुतेक मंगळवारीच."

"आठवड्यातून एकदा? आमचे बाबा हिच्या पाया पडतील."

"हसू नकोस रे. जंगलात जमिनीवर उतरली की हिला कोणीही उचलून नेतं, पळता येत नाही ना. म्हणून जराशी चाहूल लागली की परत वर चढते आणि धरून ठेवते. गेल्या महिन्यात एकाने मध्येच दार उघडलं. अकरा दिवस धरून बसली. व्हेट, जनावरांचा डॉक्टर, बोलवावा लागला." तिने दाराशेजारच्या खुंटीवरचा लाल बोर्ड दाखवला. "तेव्हापासून हा नियम. ती उतरली की हा दारावर लावायचा. बोर्ड लागला की दार उघडायचं नाही, बोलायचं नाही. मालक आला तरी."

"आणि आत माणूस असला तर?"

"तर त्याने पुतळा व्हायचं, ती वर जाईपर्यंत." ती घड्याळ बघत होती, वॉलबींना, त्या छोट्या कांगारूंना, खाणं टाकायचं होतं. "तुला तासभर देते. खोली आत्ता अठ्ठावीस आहे. पंचवीसच्या खाली गेली तर काम सोड आणि मला हाक मार, प्लीज. हिला आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करता येत नाही. खोली गार तर ही गार. आणि गार पडली की पोटातले जंतू काम थांबवतात. एक पान पचायला हिला महिना लागतो, दादा. ते जंतू मेले तर ही भरल्या पोटी उपाशी मरते."

"नो वरीज," विनय म्हणाला. ती गेली.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं पुढचं रामायण या दोन मिनिटांत घडलं.

विजेची पेटी बाहेर, दाराच्या शेजारी. त्याच्याच बाजूला तो लाल बोर्ड. आणि सात वाजता उकडलेल्या रताळ्यांची बादली घेऊन शेन येणार होता. शेन म्हणजे हेड कीपर, दाढीवाला, सहा फूट चार इंच. मागच्या भेटीत त्याने विनयच्या व्हॅनमध्ये, सीटखाली, रबरी साप ठेवला होता. विनय हायवेवर किंचाळला होता, पोरीसारखा. त्याची परतफेड व्हायची होती.

हाताला खाज सुटली. विनयने एका हाताने बोर्ड दारावर अडकवला आणि दुसऱ्या हाताने, घाईत, हीटरचा स्विच बंद करायच्या ऐवजी अख्खी मेन पाडली. पंचवीस वर्षांत एकदाही न केलेला गाढवपणा. मग तोंडावर हात धरून, खुदखुदत, पायाने अडवून धरलेल्या दारातून आत शिरला. शेन बादली घेऊन अर्धा तास बाहेर ताटकळणार, आणि आपण काचेतून मजा बघणार!

स्प्रिंगने दार मागून आपोआप लागलं. टक्.

त्या टक्‌चा अर्थ त्याला वीस मिनिटांनी कळला. मोटर भिंतीतून काढून झाली होती. ताटाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून गार वारा शिरत होता. नवी मोटर व्हॅनमध्ये. तो दाराकडे गेला, बाहेर पडायचं हिरवं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. दहा वेळा दाबलं. दाराचं कुलूप विजेवर चालत होतं, आणि वीज त्याने स्वतःच्या हाताने पाडली होती.

आतून दाराला मूठ नाही. स्क्रू नाहीत, सपाट पोलाद. फोन बाहेर ट्रेमध्ये, औषधाच्या पाण्याशेजारी.

त्याने भिंतीतल्या भोकाला तोंड लावून बोंब ठोकली, "हेल्प!" पलीकडे मकाव पोपटांचा पिंजरा. ते सकाळच्या मूडमध्ये होते. त्यांनी त्याच्या दुप्पट बोंब ठोकली, आणि तो गप्प झाल्यावरही त्यांचं चालूच राहिलं.

सात वाजले. काचेपलीकडे शेन आला, बादली हातात. विनय काचेला चिकटून दोन्ही हात हलवायला लागला.

शेनने बोर्ड बघितला. मग अंधारातला विनय बघितला. मग हळूच, फार हळूच, एवढ्या मोठ्या देहाने टाचा उचलल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"नाही रे! उघड! ओपन!" विनयने काच बडवली.

शेनचे डोळे मोठे झाले. दोन्ही तळहात खाली दाबत त्याने खूण केली: शांत, शांत. ओठांच्या हालचालीवरून विनयला स्पष्ट वाचता आलं. "स्टे स्टिल, मेट. यू आर डूइंग ग्रेट." मग त्याने बादली जमिनीवर ठेवली, आवाज न करता, आणि वाटेवर दोरी बांधून टाकली, कोणी चुकून इकडे येऊ नये म्हणून. जाताना अंगठा दाखवला.

विनयने जन्मात अनेकांना गंडवलं होतं. एवढं पक्कं कोणालाच नाही.

आणि मग त्याला भिंतीवरचा थर्मामीटर दिसला. तेवीस.

पंचवीस कधी होऊन गेली ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने अंगातलं जॅकेट काढून भोकात कोंबलं. बावीस. छत प्लास्टिकच्या पत्र्याचं, ऊब चाळणीतून गळावी तशी गळत होती. वीस. त्याने परत काच बडवली, लाथा घातल्या, पेचकस फिरवून फिरवून काचेवर मारला. काच वाघाला अडवेल अशी. ओरखडा उठला, बस्स. वाटेवर लांबून कोणीतरी जाताना दिसलं, दोरी बघून मागे फिरलं.

त्याने वर पाहिलं. मंगळाने हात-पाय पोटाशी ओढून घेतले होते. नाक आत, चेंडू झालेला. मघाशी निदान नाक हलवत होती, आता तेही नाही.

"ए मंगळा. ए बाई."

काही नाही.

विनयच्या खोड्यांमध्ये एक नियम असायचा, त्याने स्वतःच केलेला: ज्याची फजिती होते त्याने शेवटी हसलं पाहिजे. फ्लेमिंगोवाला म्हातारासुद्धा शेवटी हसला होता. हिला तर कोणी खोडी काढलीय हेच माहीत नव्हतं. हिच्या पोटात महिन्याभरापूर्वीचं पान होतं, आणि ते पचवायला ऊब हवी होती, आणि ती ऊब याने एका हाताने बंद केली होती.

या खोलीत आता गरम वस्तू एकच उरली होती. नव्वद किलोची, टकली.

हात लावायचा नाही, तेजश्रीने बजावलं होतं. हात लावला तर कॉन्ट्रॅक्ट जाईल, आणि त्याला एकट्याला आत सोडलं म्हणून तिचीही नोकरी जाऊ शकेल. शिवाय हिला सुळे होते, चांगले बोटभर. थर्मामीटर आता अठरावर.

तो खोडावर चढला. कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या एका बादलीवरून, मग एका फांदीवरून, गुडघे करकरत. तिच्या जवळ गेला आणि नुसता थांबला, श्वास तिच्या अंगावर सोडत. मिनिटभराने चेंडूतून एक हात निघाला. दोन नखं, कोयत्यासारखी. तो हात इतक्या सावकाश आला की विनयला तीनदा पळून जाता आलं असतं. नखं त्याच्या खांद्यावर टेकली, मागे गेली, परत आली आणि जंपरमध्ये, म्हणजे स्वेटरमध्ये, रुतली. मग दुसरा हात. मग एक पाय.

ती त्याच्यावर आली. आठ किलोचं गार, दमट, जुन्या गोधडीच्या वासाचं ओझं.

तो कसाबसा खाली उतरला, जमिनीवर भिंतीला टेकून बसला, जंपर वर ओढून तिच्या पाठीवर घेतला आणि दोन्ही हात तिच्याभोवती बांधले. तिचं पोट त्याच्या पोटाला लागलं. बर्फाची लादी ठेवल्यासारखं वाटलं. त्याच्या लक्षात आलं की तिची नखं आता पाठीमागे एकमेकांत अडकली आहेत. त्याने एक हळूच उचलून पाहिलं. हललं नाही. हिची पकड झोपेतही सुटत नाही. फांदीला धरून ठेवायला ताकद लागत नाही, सोडायला लागते.

म्हणजे आता दारही नाही आणि काचही नाही. खोलीत माणूस बंद, माणूस मिठीत बंद. जरा हलला की ती दचकून आणखी घट्ट व्हायची. नाकाला खाज आली. त्याने ती येऊ दिली, राहू दिली. डाव्या पायाला मुंग्या आल्या. लघवी लागली. तीही राहू दिली.

"तुझं बरंय," तो तिच्या कानात पुटपुटला. "मला पुढच्या मंगळवारपर्यंत धरवणार नाही."

सतरा.

आठ वाजून गेले असावेत. छताच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातून उन्हाची एक पट्टी आत आली. निलगिरीच्या झाडांनी बाकी सगळं अडवलं होतं. पट्टी पडली ती नेमकी मोठ्या काचेसमोर, जिथून पार्कात येणारा कोणीही आत बघतो. विनय अंधाऱ्या कोपऱ्यात बसला होता. तिथे कोणाला दिसत नव्हता. तिथून उठून उजेडात बसणं म्हणजे जनावर मांडीवर घेऊन चोरीचा माल दाखवत बसणं.

त्याने तिच्या नाकाशी गाल नेला. श्वास होता, पण केवढ्या अंतराने.

तो सरकायला लागला. बुडावर, वीतभर, मग थांबायचं, ती सैल होईस्तोवर. परत वीतभर. चार मीटर अंतराला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. आयुष्यात एवढ्या हळू त्याने काही केलं नव्हतं. एकदाचं ऊन तिच्या पाठीवर पडलं. त्याने जंपर बाजूला केला, तिचे केस बोटांनी विंचरून दोन्ही बाजूंना सारले, उन्हाला कातडीपर्यंत वाट करून दिली. हिचे केस उलटे वाढतात, पोटाकडून पाठीकडे. लटकलेली असताना पाऊस निथळून जावा म्हणून. हे त्याला आत्ता, बोटांनी कळलं.

पावणेनऊला काचेपाशी तेजश्री आली. शेनने बोर्डाचं सांगितलं होतं, पण दोन तास झाले, मंगळाला कधी एवढा वेळ लागत नाही, म्हणून चवड्यांवर चालत. तिने आत पाहिलं. बोर्डाकडे पाहिलं. परत आत पाहिलं. स्लॉथ संडासला बसते ती झाडाच्या बुंध्याशी. माणसाच्या मांडीवर नाही.

तिने चावीने दार उघडलं.

"बोर्ड कोणी लावला?"

विनयच्या तोंडात तीन थापा तयार होत्या, तिन्ही चांगल्या. "मी," तो म्हणाला. "शेनची गंमत करायला. मेनपण मीच पाडली. तू कोणालाही सांगताना हेच सांग, तेजू. तू मला पंचवीसचं बजावलं होतंस, तेही सांग."

तेजश्रीने मेन चालू केली, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या, मंगळाच्या काखेत थर्मामीटर धरला. व्हेटशी फोनवर बोलली. शेन व्हॅनमधून मोटर घेऊन आला आणि विनयने बसल्या जागेवरून त्याला ती बसवायला लावली. "डावीकडचा स्क्रू आधी... अरे डावीकडचा, तुझा डावा!" शेनने एक शिवी हासडली, पण कुजबुजून.

"ओढून काढायची नाही, म्हणतोय व्हेट," तेजश्रीने फोन ठेवला. "अंगात ऊब येतेय, पण त्याने काही ठरत नाही. पोट चालू आहे का ते महत्त्वाचं. खाल्लं तर वाचली."

"आणि नाही खाल्लं तर?"

तिने रताळ्याचा एक तुकडा मंगळाच्या नाकापुढे धरला. मंगळाने डोळे उघडले, मिटले. तेजश्रीचा हात तसाच राहिला.

दहा वाजले. साडेदहा. पार्क उघडलं होतं, शेनने काचेवर पडदा ओढला. हीटर पुन्हा गुणगुणायला लागला. तेजश्रीने जास्वंदीचं फूल आणलं, लाल, ते धरलं. मग फरसबी. मग परत फूल.

"तेजू, जा तू, मी धरतो."

"गप्प बस," ती म्हणाली. दार उघडल्यापासून ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, कामाचं सोडून.

तो गप्प बसला. आता ते जमत होतं. छातीवरचं ओझं गार राहिलं नव्हतं. कोणाचा घाम आणि कोणाची ऊब हे सांगता येत नव्हतं.

अकराला पाच कमी असताना फुलाची एक पाकळी हलली. वारा असेल असं विनयला वाटलं. मग तिचा ओठ पुढे आला, पाकळीला लागला, आणि पाकळी आत गेली. जबडा एकदा हलला. थांबला. इतका वेळ थांबला की शेनने दाढी मुठीत धरली. परत हलला.

तेजश्री मटकन जमिनीवर बसली, विनयच्या शेजारी, आणि तोंडावर बाही धरून रडायला लागली. शेन तिकडे तोंड करून पंख्याचा आधीच घट्ट असलेला स्क्रू घट्ट करत राहिला.

विनयला काहीतरी म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं, आणि मजेशीर होतं, पण त्याने ते गिळलं. मंगळा चघळत होती, त्याच्या गळपट्टीवर लाल रस गळत होता. तिने दुसऱ्या पाकळीसाठी ओठ पुढे केला तेव्हा त्याने, अंग जराही न हलवता, तेजश्रीच्या हातातलं फूल घेतलं आणि मंगळाच्या तोंडाशी धरलं.