हुकलेल्या दोन ओळी

प्रणाली अकोल्याला पीएच.डी. करत होती. थंडीनं पानाच्या आत किती नासाडी होते, हे मोजायचा तिचा उद्योग. पानाचे तुकडे शुद्ध पाण्यात भिजवायचे आणि पेशी फुटून पाण्यात किती क्षार झिरपले ते मीटरवर पाहायचं. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, हिवाळ्यात ती बाळापूरजवळच्या आपल्याच संत्र्याच्या बागेतली पानं मोजत आली होती. वरून हिरवंगार पान आतून मेलंय, हे तिला चांगलं आठवडाभर आधी कळायचं. कळून उपयोग शून्य. फुटलेली पेशी सांधायचं औषध अजून कुणाच्या बापाला सापडलेलं नाही.

जानेवारीत थंडीनं कहर केला. ती गावी पोचली तेव्हा तिचे वडील खुशालराव मोठी लढाई जिंकल्याच्या थाटात बागेत उभे होते. यंदा पहिला बहार धरायचा होता, बागेचं पहिलंच फळ घ्यायचं होतं.

"अवं, दोन राती जागलो," ते म्हणाले. "शेततळं आटलं, मंग बोअरच्या कोमट पाण्यानं साऱ्या झाडाइले न्हाऊ घातलं. फक्त बांधाकडच्या दोन ओळी हुकल्या. अंगात तरानच नव्हतं. त्या तेवढ्या तपास."

प्रणालीनं चमकून बोअरकडे पाहिलं. ही खारपाणपट्ट्यातली बोअर. तिचं खारट पाणी ढोरंसुद्धा नाइलाजानं पितात. एरवी बाबा ते झाडाच्या बुडालाही लागू देत नसत. पण कडाक्याच्या थंडीत हाताला कोमट पाणी लागलं, आणि लेकरांना आंघोळ घालावी तशी माया सुटली माणसाला. रागवायचं तरी कुणावर?

तिनं ओसरीवरच मीटर मांडला. वरचं मीठ मोजणीत येऊ नये म्हणून पानं पुन्हा पुन्हा धुतली. हुकलेल्या ओळींना थंडी जेमतेम चाटून गेली होती. न्हाऊ घातलेली झाडं मात्र आतून पार फुटली होती. तिनं परत मोजलं. आकडा हटला नाही.

"हुकलेल्या गेल्या ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"वाचल्या."

"मंग बाकीच्याइले काय धाड भरली! आज रातीसाठी पंप भरूनच ठेवला मी."

गप्प बसावं तर उरलीसुरली बाग जाणार, बोलावं तर बाप खचणार. तिला रडूच आलं.

"बाबा, नका देऊ ते पाणी."

"काहून?"

तिनं मीटर त्यांच्याकडे वळवला. खुशालराव तिच्याकडे पाहत राहिले, मग बोअरकडे.

"आता गोड्या पाण्यानं धुतलं तं?"

"नाही जमत आता."

ते खाली बसले. मग एकदम उठून खिसे चाचपू लागले.

"फोन कुठी हाये माहा? बाजूच्या वावरातल्या धर्मपालले बोअरचं पाणी द्याले मीच सांगतलं होतं. त्यानं कालच सारी बाग न्हाऊ घातली."