काळजाची तयारी

सुलोचनाने सुनेच्या तळहातावरची गोळी उचलली आणि पुन्हा डबीत टाकली.

"पाचवो महिनो लागलो. स्टिरॉइड पोटातल्या पोराक बरा काय वायट, कोण सांगतला? आता बंद कर ह्या."

संजनाने फोनवर नको नको ते वाचलं होतं. तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी झालेल्या, म्हणून लग्नाआधीपासून या गोळ्या चालू होत्या. पण गेल्या वर्षी एक गर्भ टिकला नव्हता. सासूइतकीच तीही घाबरलेली होती. तिने मुकाट्याने मान डोलावली. नवऱ्याला, रुद्रेशला, दोघींनीही काही कळू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पेज पिता पिता संजना कोसळली. धारगळहून म्हापशाच्या इस्पितळात पोचेपर्यंत सुलोचना तिचे गार पडलेले तळवे चोळत होती. देवाकडे मात्र ती मागत होती ते बाळच.

सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. संध्याकाळी संजनाने डोळे उघडले. बाळाचे ठोके नीट लागत होते.

"गोळ्या बंद कोणी केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जिवावर बेतलं असतं, कळतंय का?"

"माज्याच लक्षात रवला नाय," संजना म्हणाली. सासूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सुलोचना खुर्चीवरून उठली.

"तिका बोलू नकात. मियाच बंद करूक लावलंय."

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला.

"आजी, हे हार्मोन बाकीच्या आयांच्या अंगात आपोआप बनतं. हिला ते गिळावं लागतं, एवढाच फरक. आईच्या रक्तातून थोडंसं बाळापर्यंत जातं, आणि बाळाचं यकृत तयार व्हायला त्याची मदत होते. जन्मल्यावर दूध मिळेपर्यंत लागणारी साखर ते यकृतच साठवून ठेवतं."

"यकृत म्हणजे?"

"काळीज."

संजनाच्या उशाशी बसून सुलोचनाने घामाने चिकटलेले केस बोटांनी हळूहळू सोडवायला घेतले. संजनाने डोळे मिटले.

महिने भरले. बाळंतपणाच्या खोलीबाहेर रुद्रेश येरझारा घालत होता, सुलोचना भिंतीला टेकून उभी होती. दार उघडलं आणि नर्स दुपट्यातलं बाळ घेऊन बाहेर आली.

"आजी, चेडू जाला! साखर तपासली, एकदम बरी आसा. घे नातीक."

रुद्रेश पुढे झाला. सुलोचनाचे हात मात्र पदरातच राहिले. नर्सच्या खांद्यावरून ती अर्धवट उघड्या दारातून आत संजनाला शोधत होती.

"ह्या बघतंय मगे," ती म्हणाली. "आधी माज्या चेडवाचा सांग. ता कसा आसा?"