पडद्यावरचा घाट

"चढतोय! चढतोय!" म्हणून हॉलमधली माणसं ओरडत होती, आणि माझा थोरला भाऊ तसूभरही पुढे सरकत नव्हता.

सरकणार कसा? सायकलचं मागचं चाक लोखंडी घोडीत अडकवलेलं. समोर पडद्यावर घाटरस्ता, कोपऱ्यात वेगाचा आकडा. आधी दादा धापा टाकत होता. मग शेजारच्या आसनावरून महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "प्राणशक्ती भरतोय तुझ्यात! घाट पाय चढत नाहीत रे, श्वास चढतो!" आणि खरंच, दादाचे पाय भिंगरीसारखे फिरू लागले. टाळ्यांचा कडकडाट!

गेल्या वर्षी दादाला हृदयविकाराचा झटका आला होता. महाराजांच्या नादी लागून त्याने आता महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या होत्या, आणि उद्या सकाळी तो खऱ्या घाटात सायकल घालणार होता. मी बसायचो, उठायचो, पुन्हा बसायचो. शेवटी शेजारच्या काकू वैतागल्या, "मुंग्या चावतायत का हो तुम्हाला?"

वहिनी मात्र शांत. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिची नजर मागच्या चाकावर पांघरलेल्या शालीवर खिळली होती. तिथे म्हणे शक्तीचा वास, कुणी हात लावायचा नाही.

दादा घाम पुसत उतरला. "बघितलंस? हात ठेवला की हलकं होतं. मला स्वतःला जाणवतं, ते काय खोटं?"

"खोटं नाही," वहिनी म्हणाली. "आता मी बसते."

"ये माई, आशीर्वाद..." महाराजांनी हात उचलला.

"आशीर्वाद नको. भावजी, ती शाल काढा."

मी वाटच बघत होतो. महाराज उठेपर्यंत शाल माझ्या हातात! खाली चाकाला दाबून धरणारा एक रूळ, तो सैल-घट्ट करायला खटका, आणि खटक्याची तार थेट महाराजांच्या आसनाखाली.

"रूळ सैल करा." वहिनी गप्पा मारत पाय मारू लागली. आकडा पन्नासवर! "माझ्या डोक्यावर कुणाचा हात आहे का?" तिने विचारलं. "आता आवळा." आकडा धपकन खाली आला, तिचा चेहरा लाल झाला. "घाट तोच. बदलला फक्त रुळाचा दाब. महाराज हाताने आशीर्वाद देतात आणि पायाच्या अंगठ्याने तार ओढतात."

"अश्रद्धेने शक्ती आटली!" महाराज गरजले.

"मग रूळ आवळून सायकलवर तुम्हीच बसा, खटका मी धरते."

महाराजांची नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ झाली.

"पण उद्या..." दादा पुटपुटला.

"इथे सायकल जागची हलत नाही," वहिनी म्हणाली. "वजन वर ओढायचं नाही, वारा कापायचा नाही. रूळ दाबेल तेवढाच चढ. बाहेर ते सगळं तुमच्या छातीवर येणार. खऱ्या घाटाला खटका नसतो हो!"

दादा खुर्चीत टेकला. मग हळूच म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ या."

इतका वेळ खंबीर असलेली वहिनी तेव्हा ढसाढसा रडली.

त्या यंत्राचा काही दोष नाही. डॉक्टरांना विचारून वापरलं तर व्यायामाला उत्तम. पण चमत्कार दाखवणारा एखाद्या गोष्टीला हात लावू नका म्हणाला, तर आधी तिलाच हात लावा. देव कोपणार नाही, आणि आपलं माणूस वाचेल.