दुसरी डिस्क

दादाचा फोन आला तेव्हाच मला कळलं, त्याने सगळं ठरवून टाकलंय. "बाबांचं विसरणं वाढलंय. घर बंद करून त्यांना माझ्याकडे आणतो. पण तू एकदा जाऊन बघ आणि सांग." म्हणजे मी फक्त मान डोलवायची!

मी माझा रडतखडत चालणारा लॅपटॉप घेऊन गेले. बाबांनी तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. "सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकून द्या," म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला. आधी माझ्या फायली त्यांनी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, चार-पाच उघडून बघितल्या, मग नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला. हात अगदी सराईत. मी मनातल्या मनात दादाला चार शब्द सुनावत होते.

पडद्यावर दोन डिस्कची यादी आली. एक लॅपटॉपमधली, दुसरी बाहेरची; दोन्ही सारख्याच आकाराच्या. जी डिस्क पुसायची नाही तिची वायर आधी काढायची, हा बाबांचाच नियम. तो मोडला म्हणून त्यांनी दुकानातल्या माणसांना फैलावर घेतलेलं मी कितीदा तरी पाहिलं होतं. आज वायर तशीच होती, आणि कर्सर नेमका दुसऱ्या, म्हणजे बाहेरच्या डिस्कवर होता. लॅपटॉप पुसला की माझं तीन वर्षांचं काम तेवढ्या एकाच जागी उरणार होतं.

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ओरडले तर आपण विसरलो हे त्यांना कळणार, आणि दादाचं खरं हे मलाही मान्य करावं लागणार. ते चष्मा पुसायला वळले तेवढ्यात मी हळूच वायर उपसली.

बाबांनी 'डिलीट' दाबलं. डिस्क सापडत नाही, असं आलं. त्यांनी यादी रिफ्रेश केली, एकच उरली. ती पुसली, तिचे दोन भाग पाडले, एक सिस्टिमला, एक माझ्या फायलींना. पट्टी पुढे सरकू लागली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"मघाशी दोन होत्या," ते म्हणाले.

"मी काढली वायर."

टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या वायरकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "दादाला काय सांगणार आहेस?"

म्हणजे मी कशाला आलेय हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काय सांगू, बाबा?"

"खरं तेच सांग. वायर काढायला विसरलो." त्यांनी वायर गुंडाळायला घेतली. "पण दोन होत्या हे माझ्या लक्षात आलं, हेही सांग."