बरणीतल्या सात कोळंब्या

दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून इस्पितळाच्या चादरी काढल्या की पायांचे काय हाल होतात, ते इस्त्रीवालीलाच विचारावं. तरी घरात शिरताना ती ताठ चालायची. बाबांना उगाच काळजी नको.

त्या संध्याकाळी ती वाट वाकडी करून पाळीव माशांच्या दुकानात गेली, कारण सकाळी बाबा आपण होऊन बोलले होते. आई गेल्यापासून आठ महिने "हो" आणि "नको" यावर भागवणारा माणूस म्हणाला होता, "कोळंब्यांना सोबत हवी गं. एकट्या वाटतात."

कोळंब्या आईच्या, काचेच्या टाकीत पाळलेल्या. गोड्या पाण्यातल्या, नखाएवढ्या, लालचुटूक. बाबांचा जीव आता त्यांच्यातच अडकला होता.

"ताई, एकच नियम," दुकानदार म्हणाला. "ज्याच्या तोंडात कोळंबी मावते, तो तिचा सोबती नाही. गोगलगाय न्या, नाहीतर हा काच चाटणारा मासा."

"किती मळकट दिसतो! तो पिवळा द्या."

"एंजल? आत्ता लहान आहे, पण वाढला की..."

"वाढेल तेव्हा बघू हो."

डोळ्यांवर झोप आलेल्या बाईला नियम सांगून काय उपयोग? कपाळ!

बाबांनी पिशवी उजेडात धरून मासा बराच वेळ पाहिला. "छान आहे," म्हणाले.

नंतर चार महिने बाबा त्या माशाला दिवसातून पाच-पाचदा खायला घालत. "लाडावून ठेवलाय मेल्याला," ती कौतुकाने म्हणायची. बाबा पुन्हा "हो-नको"वर आले होते, पण टाकीपुढची खुर्ची काही सुटली नव्हती. टाकीत नीट डोकावायला तिला सवड कुठली!

एका सुट्टीच्या सकाळी बाबांची चादर बदलताना पलंगामागे तिला काचेची बरणी दिसली. आत शेवाळाचा झुबका, आणि त्याला बिलगलेल्या सात कोळंब्या. ती धावत टाकीपाशी गेली. तिथे तळहाताएवढा पिवळा मासा एकटाच फिरत होता.

"बाबा, बाकीच्या कुठायत?"

"गेल्या."

"कधीपासून चाललंय हे?"

"तिसऱ्या दिवसापासून. आधी पिल्लं गेली. पोट भरलेलं असलं की जरा गप्प असायचा. पण किती घालणार?"

"मग तोंड उघडायचं नाही का!" ती ओरडलीच. "आईच्या होत्या त्या!"

"तू दमूनभागून आणला होतास. त्याला वाईट कसं म्हणू?"

तिला बाबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. डोळे पुसत तिने मासा बादलीत घेतला आणि दुकान गाठलं. दुकानदार भला माणूस. एका शब्दाने टोचून बोलला नाही, मासा ठेवून घेतला आणि दोन गोगलगायी दिल्या.

दुपारी बाबांनी बरणी हळूहळू टाकीत रिकामी केली. सातही जणी तळाशी उतरल्या. एकीच्या पोटाखाली अंडी होती.

"यापुढे काही झालं तरी सांगायचं मला. कबूल?" ती म्हणाली.

"कबूल." बाबांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "पण तू तरी कुठे सांगतेस? रोज जिन्यात भिंतीला धरून उभी असतेस, आणि दार उघडलं की ताठ."

ती खुर्चीत बसली. चपला काढल्या.

"फार दुखतात हो बाबा," ती म्हणाली.