चार जुने कण

भूगर्भशास्त्र विभागात दगड कुटण्याला ‘नमुना-पूर्वतयारी’ म्हणत. ही पूर्वतयारी काका एकतीस वर्षं करत होते. एव्हाना त्यांचे गुडघेही दगड कुटायच्या यंत्राच्याच आवाजात बोलू लागले होते.

नियम एकच. एक दगड कुटून झाला की यंत्राच्या जबड्यातून दोन मुठी शुद्ध गारगोटीची पूड फिरवायची, म्हणजे आधीच्या दगडाचा कण पुढच्या दगडात जात नाही. पूड संपली तेव्हा काकांनी रीतसर मागणी-अर्ज केला. अर्ज तीन सह्या घेऊन वर गेला, ‘कसली पूड?’ असा शेरा घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला आणि तिथेच रमला. तोवर इमारतीच्या नव्या मजल्यासाठी आवारात नदीच्या वाळूचा ढीग पडला होता. वाळू म्हणजे तरी काय, गारगोटीचीच लेकरं. काकांनी दोन घमेली आणली, चाळली, धुतली आणि वर्षभर त्यावरच भागवलं.

“काका, जरा बसा ना. कुणीतरी ऐकायला हवं,” डॉक्टरीणबाई म्हणाली. ती अजून डॉक्टर झाली नव्हती. सात वर्षं प्रबंधच लिहीत होती, म्हणून काकांनीच ते नाव ठेवलं होतं. सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती.

काका स्टुलावर टेकले.

“दोन खंड एकमेकांकडे सरकत होते, नखं वाढतात त्या वेगानं. मधला समुद्रतळ खाली गिळला गेला. मग खंडाला खंड भिडला. दोघंही हलके, त्यामुळे खाली कुणी जाईना.”

“आमच्या घरात दोघी जावा अशाच.”

“काका! मग कवच दुमडलं, जाड झालं, पर्वत उठला. तळाशी दगड वितळून ग्रॅनाइट झाला, त्यात झिर्कॉन या खनिजाचे कण तयार झाले. त्यांच्यावरून वय कळतं. एकशे ऐंशी कोटी वर्षं. मी दगड आणले ती टेकडी म्हणजे त्या पर्वताचं नुसतं मूळ.”

“तुझे मार्गदर्शक सर विचारतील, यात नवीन काय?”

“चार कण तीनशे कोटींचे निघालेत! म्हणजे तिथे आधीपासूनच जुन्या खंडाचं कवच होतं. अख्खा प्रबंध त्या चार कणांवर उभा आहे.”

“आणि वरचा पर्वत गेला कुठे?” काकांनी जांभई दाबत विचारलं.

“झिजला, वाळू होऊन नदीतून गेला. झिर्कॉन मात्र चिवट. कुठल्याही नदीची वाळू घ्या, त्यात कुठकुठल्या पर्वतांचे कण सापडतील.”

काकांची जांभई अर्ध्यावरच राहिली. खिडकीबाहेर वाळूचा ढीग ऊन खात पडला होता.

गप्प बसता आलं असतं. दोन महिन्यांनी निवृत्ती होती, आणि दगड कुटणाऱ्याला एकतीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. आताही कुणी विचारणार नव्हतं. नेमकी तीच गोष्ट त्यांना जड गेली. तिचे दगड कुटताना यंत्रातून काय फिरवलं होतं, ते त्यांनी सांगून टाकलं.

“बांधकामाची वाळू?”

“धुऊन घेतली होती गं.”

“धुऊन वय जातं का, काका?”

ती रडली नाही. सात वर्षांनी रडायलाही ताकद लागते. तिनं विचारलं, “दगड शिल्लक आहे?”

होता. प्रत्येक दगडाचा मुठीएवढा तुकडा काका पत्र्याच्या डब्यात ठेवून देत. कुणी सांगितलं नव्हतं. टाकवत नसे, इतकंच.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. “परीक्षा पुढे ढकलू,” ते म्हणाले. मग टेबलावरचा गारगोटीचा पेपरवेट त्यांनी पुढे सरकवला. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेला, काचेसारखा स्वच्छ. “हा कुटा आणि यंत्र साफ करा. अर्जाच्या नादी लागू नका.”

नवा अहवाल दोन महिन्यांनी आला, काकांच्या शेवटच्या आठवड्यात. सगळे कण एकशे ऐंशी कोटींचे. ते चार नव्हतेच.

“एकशे वीस कोटी वर्षं गेली, काका.”

“माझी एकतीस गेली, कुणाला पत्ता आहे?”

ती हसली, पण थकूनच. “शेवटचं प्रकरण नव्यानं लिहायचं. जुना खंड गेला. टेकडी तरी माझी आहे.”

“आहे ना. कुटून बघितलीय मी,” काका म्हणाले, आणि ब्रश घेऊन यंत्राचा जबडा साफ करायला बसले.