पन्हळीचा ढाळ

डेपोत तिला सगळे 'टाइमटेबल' म्हणत आणि घरी, धाकटी सून म्हणून, 'धाकटी'. बसगाड्यांच्या वेळा लावायचं तिचं काम. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या फेरीवर जाणार, जेवायच्या सुट्टीत कोण कुणाची जागा घेणार, हे सगळं एका भिंतभर तक्त्यावर रंगीत टाचण्या लावून ती ठरवायची. खोलीला एकच खिडकी होती आणि ती उघडायची गाड्या धुवायच्या रॅम्पवर, त्यामुळे डेपोत कागद दमट आणि माणसं कोरडी, असं ती म्हणे.

महिन्यातून एका रविवारी ती घरच्यांना आणि डेपोतल्या दोन-चार जणांना घेऊन एखाद्या जवळच्या गडावर किंवा लेण्यांकडे जायची. अर्ध्या दिवसाची चाल, दुपारी परत. त्याचाही एक कागद असे. बस किती वाजता, चढायला किती वेळ, कुठे थांबायचं, माणशी पाणी दीड लिटर. आणि तळाशी चौकट करून लिहिलेलं असे : परत फिरायची वेळ. ती वेळ झाली की माणूस टोकापासून हातभर खाली असला तरी मागे वळणार, हा तिचा नियम. चार वर्षांत कुणाचा पाय मुरगळला नव्हता की कुणाची बस चुकली नव्हती, म्हणून या नियमाला कुणी हात लावत नसे.

एका रविवारचा गड तिने सासऱ्यांसाठी निवडला होता. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. पंचेचाळीस वर्षं नळजोडणीचं काम केलेलं. हातातून पाना सुटला तरी नजरेतून पाणी सुटलं नव्हतं. कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीचा ढाळ, म्हणजे पाण्याचा उतार, बघायचे, मग माणसांकडे. त्यांनी पेपरात वाचलं होतं, की या गडाच्या अंगाला लेणी आहेत, वर कातळात खोदलेलं टाकं आहे आणि ते बारा महिने भरलेलं असतं. पेपरवाल्याने त्याला चमत्कार म्हटलं होतं. बाबांना ते पटलं नाही. पाणी कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं, आणि येण्याजाण्याचा रस्ता कुणीतरी केलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. तो रस्ता त्यांना बघायचा होता.

तर त्या रविवारी सकाळी साडेसातला चौघं पायथ्याला उतरली. धाकटी, तिचा नवरा, थोरले दीर आणि बाबा. थोरल्या दिरांना घरात सगळे दादा म्हणत. दादांनी तरुणपणी मोठमोठे डोंगर चढले होते, आणि ते कुणी विसरू नये याची ते स्वतः काळजी घेत.

पहिला तास छान गेला. मग घसाऱ्याची चढण लागली. पाऊल टाकलं की निम्मं मागे. बाबा बोलायचे थांबले. आधी तिला वाटलं, ते वाट बघून चालताहेत. मग तिने वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरट पडले होते, छातीचा भाता चालला होता, आणि तरी ते थांबा म्हणत नव्हते. अकरा वाजले तेव्हा टोक वीस मिनिटांवर होतं आणि चौकटीतली वेळ अजून व्हायची होती. वरचा बुरूज नीट दिसत होता.

"परत फिरायचं," धाकटी म्हणाली.

दादा हसले. वीस मिनिटांसाठी कोण परत फिरतं, असं त्यांनी विचारलं. बाबाही म्हणाले, जरा बसतो, मग जाऊ. तिला खरं कारण सांगता येईना. दादांसमोर, नवऱ्यासमोर, बाबांच्या तोंडावर 'तुम्हाला झेपत नाही' कसं म्हणायचं? जी गोष्ट जिभेवर सोपी आली ती ती बोलून गेली.

"दीडची बस चुकली तर नंतर बस नाही. रविवारी ही शेवटचीच."

बसच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाबा उठले आणि खाली वळले. नवराही वळला. दादा मात्र म्हणाले, मी बघतो माझं, चालत जाईन, ट्रकने येईन; आणि शीळ घालत वर निघून गेले.

संध्याकाळी सहाला दादा घरी आले ते ताजेतवाने. मोबाइलवर फोटो दाखवले. बुरुजावर दादा, दरीच्या काठावर दादा, लेण्याच्या खांबाला टेकून दादा. बाबांनी विचारलं, टाकं बघितलंस का. दादा म्हणाले, हो, पाणी होतं. कुठून येतं ते? दादा म्हणाले, येतं कुठूनतरी. मग बूट काढता काढता सहज म्हणाले, "तीनची बस बरी मिळाली. अख्खी रिकामी होती."

धाकटी ताटं घेत होती. तिचा हात थांबला. ती तीनची फेरी दोन महिन्यांपूर्वी तिनेच घातली होती, टाचणी तिनेच लावली होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेपोत निघायच्या आधी बाबा स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत बसले होते. नळ गळत नव्हता. तिला कळलं, की हे आपल्यासाठी बसलेत. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"माझा दम बघून परत फिरवलंस ना?" बाबांनी नळाकडेच बघत विचारलं.

"हो, बाबा."

"मग तसं सांगायचं. बसवर कशाला ढकललंस?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला स्वतःलाच पोकळ वाटलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलंच असतं," बाबा म्हणाले. "पण मी रात्रभर हिशेब करत बसलो, की पोरीने आपल्याला फसवलं कशासाठी. पाइप कुठे फुटलाय ते सांगितलं तर माणूस दुरुस्त तरी करतो. तू भिंतच लिंपून टाकलीस."

एवढं बोलून त्यांनी नळ घट्ट केला आणि उघडून बघितला. मग म्हणाले, की ते टाकं त्यांना अजून बघायचंय. या खेपेला त्यांचं वय, त्यांचा दम, सगळं कागदावर मांडून आखणी करायची; जमत नसेल तर तोंडावर सांगायचं.

तिने ते मनावर घेतलं. आधी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून बघितलं, छातीला तारा लावल्या, एक गोळी बदलली आणि सांगितलं, की चालू द्या, पण बैलासारखं, घोड्यासारखं नाही. मग तिने पंधरा दिवस बाबांबरोबर भाजी आणायला जाऊन त्यांची चाल मोजली. सपाटीवर किती, जिन्यावर किती. जिन्याच्या चाळीस पायऱ्या झाल्या की त्यांना दोन मिनिटं लागत. हे तिने त्यांच्यादेखत लिहिलं. बाबा म्हणाले, अडतीस लिही, चाळीस मी तुझ्याकडे बघून चढतो.

नकाशात तिला गडाच्या मागच्या अंगाने एक वाट दिसली. तिथे घसारा नव्हता. वाट लांबची, पण दगडी पायऱ्यांची, आणि ती थेट लेण्यांशी जात होती. गडाच्या टोकाशी नाही. एका रविवारी नवऱ्याला घेऊन ती वाट बघून आली. अडतीस पायऱ्या, दोन मिनिटं थांबा. अडतीस पायऱ्या, दोन मिनिटं थांबा. अशी ती बाबांच्या चालीने चालली. नवरा कंटाळून प्रत्येक थांब्याला आडवा होऊ लागला आणि चौथ्या थांब्याला चक्क घोरला. लेण्यांपर्यंत पोचायला तीन तास लागले. तिथून वरच्या टाक्याकडे जाणाऱ्या पायऱ्या मात्र फुटलेल्या होत्या, मधल्या दोन तर नव्हत्याच.

घरी येऊन तिने बाबांना समोर बसवून सांगितलं, "लेणी जमतील. वरचं टाकं तुम्हाला जमणार नाही."

बाबांनी कागदावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, बरं. एवढंच. पण त्या दिवशी ते दुपारचे झोपले नाहीत, गॅलरीत बसून राहिले, हे सासूबाईंनी तिला नंतर सांगितलं.

थंडीतल्या एका रविवारी तिघं निघाली. दादांना विचारलं होतं. एका टाक्यासाठी एवढी यातायात कोण करतं, म्हणून ते आले नाहीत. चढण कागदाबरहुकूम झाली. सव्वातीन तासांनी बाबा लेण्याच्या ओसरीत पोचले. थकले होते, पण ओठ लाल होते. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीतच एक टाकं होतं, हे पेपरवाल्याने लिहिलंच नव्हतं. बाबा गुडघ्यांवर टेकले आणि हाताने कातळ चाचपू लागले. टाक्याच्या अलीकडे एक छोटा चौकोनी खड्डा होता. गाळ बसायला, ते म्हणाले. आधी गाळ इथे बसणार, वरचं निवळ पाणी टाक्यात जाणार. खड्ड्यात वरून कातळातली एक पन्हळ उतरली होती, बोटभर खोल, सरळ. ती वर कपारीत शिरून दिसेनाशी होत होती.

"ही वरच्या टाक्यापासून येते का, ते बघायला हवं," बाबा म्हणाले. आणि धाकटीकडे बघितलं.

ती दोन बाटल्या घेऊन वर गेली. फुटक्या पायऱ्यांवर हात टेकत, मधल्या दोन जागी पोटावर सरपटत. नवरा अर्ध्या वाटेवर बसला, कारण वरचा आवाज खाली पोचत नव्हता. तो दोघांचं बोलणं इकडून तिकडे करणार होता. वरच्या टाक्यात पाणी होतं, पण दोन पुरुष खोल, हात पोचणारा नव्हता. तिने काठ शोधला आणि खाली निरोप धाडला, की काठाजवळून पन्हळ निघते आणि चार हातांवर तिला दोन फाटे फुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे.

निरोप खाली गेला. खालून निरोप आला : ढाळ कुठल्या बाजूला?

तिला डोळ्यांनी कळेना. दोन्ही सारखेच वाटत होते. बाबांचा निरोप आला, की पाणी ओत, पाणी खोटं बोलत नाही. तिने एक बाटली डाव्या फाट्यात ओतली. पाणी झरझर गेलं आणि कड्यावरून खाली उडालं. खाली काही आलं नाही. आता एकच भरलेली बाटली उरली होती, ती परतीच्या वाटेची, तिघांची. नवऱ्याकडे अर्धी होती. माणशी दीड लिटरचा नियम तिने स्वतः केला होता. ती थोडा वेळ बाटली हातात धरून बसली. उतरायला अडीच तास, ऊन फार नाही, खालच्या वस्तीत पाणी मिळतं. मग तिने झाकण काढलं आणि उजव्या फाट्यात सावकाश ओतायला सुरुवात केली.

पाणी कपारीत गेलं आणि नाहीसं झालं. बाटली संपली. तिला वाटलं, वाया गेलं.

मग खालून नवऱ्याच्या आधी बाबांचाच आवाज आला, इतका मोठा की मधल्या माणसाची गरज पडली नाही. "आलं!"

ती खाली आली तेव्हा बाबा खड्ड्यात बोट घालून बसले होते आणि बोट ओलं होतं. फाट्याच्या तोंडाशी खाच आहे का, त्यांनी विचारलं. होती, दोन्हीकडे. मग बाबांनी तिला समजावून सांगितलं, की आधी उजवीकडच्या खाचेत फळी घालायची. पावसाचं सुरुवातीचं गढूळ पाणी डावीकडे कड्यावरून सोडून द्यायचं आणि कातळ धुऊन निघाला की फळी काढून डावीकडे लावायची, पाणी उजवीकडे वळवायचं. "ज्याने केलंय तो माणूस शहाणा होता," ते म्हणाले. "आणि त्याचा ढाळ माझ्यापेक्षा चांगला आहे."

उतरताना मात्र बाबांचे पाय थरथरू लागले. थांबे दुप्पट झाले. अर्ध्या वाटेवर धाकटीने घड्याळ बघितलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, आपण चाळीस मिनिटं मागे आहोत. उजेड असेपर्यंत पोचू, पण आता बोलणं बंद. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवा." बाबांनी ठेवला. अर्धी बाटली तिघांनी घोट घोट पुरवली. पायथ्याच्या वस्तीत एका बाईने कळशीभर पाणी पुढे केलं, तेव्हा नवऱ्याने तोंड न धुताच निम्मं संपवलं.

बाबा दोन दिवस अंथरुणावर होते. पाय सुजले होते. सासूबाई शेक देताना धाकटीला लागेल असं बरंच बोलल्या आणि तिने ते ऐकून घेतलं.

त्यानंतर तिने आपल्या कागदात एक बदल केला. प्रत्येकाच्या नावापुढे किती चालवतं, काय दुखतं, हे त्यालाच विचारून लिहायचं. डेपोत याची थट्टा झाली. कंडक्टरबाई म्हणाली, लग्न जुळवतेस की काय. पण एका ड्रायव्हरने बाजूला घेऊन सांगितलं, की त्याला उंचावर चक्कर येते आणि इतके दिवस तो कठड्यापासून लांब राहून फोटो काढायचं सोंग करत होता. दादा मात्र चिडले. मला काहीही दुखत नाही, असं लिही, म्हणाले. तिने तसंच लिहिलं.

सासूबाई हे सगळं ऐकत भाजी निवडत होत्या. चार वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या आणि त्यांना यायचं नाही असं घरात सगळ्यांनी धरलं होतं.

"माझं लिही," त्या म्हणाल्या. "डावा गुडघा. अर्धा तास चालवतं, तेही सपाटीला. पुढे नाही. एवढ्यात काय बसत असेल तर बघ."

शोधायला तिला आठवडा लागला. एका ओढ्याच्या काठाने बैलगाडीची सपाट वाट होती आणि वाटेच्या शेवटी एकच लहानसं लेणं, नकाशावर धड नावही नसलेलं. बाविसाव्या मिनिटाला सासूबाई तिथे पोचल्या. कातळाच्या बाकावर बसल्या, चपला काढून पाय गार दगडावर ठेवले आणि समोरचं पाणी बघत राहिल्या. बाबा कोपऱ्यात पन्हळ शोधत होते. थोड्या वेळाने धाकटीने घड्याळ बघितलं, तसं सासूबाई म्हणाल्या, "माझी परत फिरायची वेळ मी सांगेन." आणि त्यांनी ती बराच वेळ सांगितली नाही.